पाच गोळ्या, पाच दुपारी

कवळीवाल्यांना उसण भरली ती काही जड ओझं उचलताना नाही. एक दात उचलताना भरली. बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास कुणा अनोळखी माणसाच्या वरच्या जबड्यात बसायचा सुळा त्यांच्या चिमट्यातून निसटला आणि टेबलाच्या पायाशी जाऊन पडला. ते वाकले, हात लांब केला, आणि कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूला, आतून कुणीतरी दोरखंड पिळून गाठ मारावी तसं झालं. वर येता येईना, खाली बसता येईना. शेवटी गुडघे टेकले, मग तळहात, मग गाल फरशीला लागला. सुळा समोरच होता, वीतभर अंतरावर. तोही हाताला येईना.

छत्तीस वर्षं ते दात बनवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या घराची मागची खोली हेच त्यांचं दुकान. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवायचे. हे मेणात एकेक दात बसवायचे, मग गुलाबी हिरडी, मग उकळत्या पाण्यात ठेवणं, मग मोटरवर घासून-पुसून चकाकी. तयार कवळी डबीत घालून परत पाठवली की संपलं. ती कुणाच्या तोंडात गेली, तो माणूस हसला का, कवळी चावताना टोचली का, काही कळायचं नाही. टोचली तर मात्र कळायचं, कारण डबी परत यायची. शहरातल्या हजारो तोंडांची बत्तीशी त्यांच्या हातून गेली होती, आणि त्यांतलं एकही तोंड त्यांच्या ओळखीचं नव्हतं. सवयीने ते रस्त्यात माणसांच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायचे. त्यामुळे लोकांना ते जरा विचित्र वाटायचे, आणि ओळखी व्हायच्या त्या राहून जायच्या. इमारतीत त्यांचं नावच पडलं होतं कवळीवाले.

बायको होती तेव्हा बोलणं तीच सांभाळायची. जिन्यात कोण आजारी, कुणाच्या मुलीचं काय, सगळं ती वर घेऊन यायची आणि हे मेण तापवता तापवता ऐकायचे. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी सातासमुद्रापलीकडे, दर रविवारी फोन करायची.

फरशीवर पडल्या पडल्या त्यांनी कुणाला हाक मारावी याचा विचार केला, आणि विचारच लांबत गेला. मुलीकडे अजून उजाडलंही नसेल. दातांचे डॉक्टर विचारणार, काम कधी मिळेल. खालचा वॉचमन भला होता, पण त्याच्यापर्यंत आवाज पोचायचा नाही. शेजारच्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय हेसुद्धा त्यांना आठवेना. मग त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. तासाभराने गाठ थोडी सुटली, तेव्हा टेबलाचा पाय धरून, दात आवळून ते उठले आणि भिंतीभिंतीने दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीण तरुण होती, त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने पाठ दाबून पाहिली, पाय उचलायला लावले, बधिरपणा आहे का, लघवीला काही अडचण आहे का, ते विचारलं.

"नस वगैरे काही दबलेली दिसत नाही. स्नायू आखडलाय," ती म्हणाली. "स्नायू सैल करणारी गोळी देते. पण काका, नीट ऐका हं. ही गोळी फक्त पाठीला कळत नाही, डोक्यालाही कळते. गुंगी येते, तोल जातो. रात्रीच्या जेवणानंतर एक. दुखलं म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. गाडी चालवायची नाही. काम काय करता?"

"कवळ्या बनवतो."

"मशीन आहे?"

"मोटर आहे, घासायची."

"तिला हात लावायचा नाही, गोळ्या संपेपर्यंत. दारू?"

"नाही."

"दुसऱ्या काही गोळ्या? झोपेच्या, सर्दीच्या, ॲलर्जीच्या?"

कवळीवाल्यांच्या डोळ्यांसमोर कपाटाचा वरचा खण आला. बायकोच्या शेवटच्या आजारपणातल्या झोपेच्या गोळ्यांची अर्धी बाटली तिथे होती. अलीकडे आठवड्यातून दोनतीनदा, फारच डोळ्याला डोळा लागेना झाला की, ते त्यातली एक घ्यायचे. मेलेल्या बायकोची गोळी खातो हे त्या पोरीला कसं सांगायचं? आणि रोज कुठे घेत होते?

"नाही," ते म्हणाले.

"घरी कोण असतं? पहिले दोन दिवस कुणीतरी सोबत हवं."

याला तर एवढाही वेळ लागला नाही. "बहीण असते," ते म्हणाले. त्यांना बहीण नव्हती. ओठांवर ते कुठून आलं, त्यांनाच कळलं नाही.

रात्री आठ वाजता त्यांनी जेवून गोळी घेतली. अर्धा तास झाला तरी पाठ तशीच. कुशीवर वळलं की गाठ पिळायची. आजची रात्र काही निघत नाही असं म्हणत त्यांनी कपाटातली बाटली काढली आणि बायकोच्या गोळ्यांतली एक वरून घेतली. मग मात्र झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खालच्या घरात, न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. तिथे शिट्टीबाई राहायच्या. वय सत्तर. चाळीस वर्षं त्या सार्वजनिक जलतरण तलावावर पोहायला शिकवायच्या आणि काठावर उंच खुर्चीत बसून पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायच्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, गळ्यातली शिट्टी गेली, नाव राहिलं. आवाजही राहिला. तलावाच्या घुमटाखाली पन्नास पोरांच्या कल्ल्यात ऐकू जायचा असा तो आवाज घरातल्या खोल्यांत मावायचा नाही.

त्या वर आल्या, दार ठोठावलं. आत पाण्याचा आवाज, माणसाचा नाही. त्यांनी जास्त विचार केला नाही. वॉचमनला हाक मारून त्याच्याकडची जादा किल्ली मागवली.

कवळीवाले न्हाणीघरात स्टुलावर बसले होते, भिंतीला डोकं टेकून, हातात दात घासायचा ब्रश. बेसिनचा नळ सोडलेला, पाणी काठावरून ओसंडत होतं, त्यांचे पाय पाण्यात. डोळे मिटलेले. वॉचमनची पाचावर धारण बसली. "गेले काय हो?" तो दारातूनच म्हणाला.

शिट्टीबाईंनी आधी छातीकडे पाहिलं. हलत होती, पण सावकाश. मग नळ बंद केला, त्यांचा खांदा धरला आणि त्या ओरडल्या, "अहो! डोळे उघडा! माझ्याकडे बघा!"

तिसऱ्या हाकेला डोळे उघडले. "आज वार कोणता?" कवळीवाल्यांनी विचारलं, म्हणजे शब्द तसे होते, जीभ जड, अक्षरं एकमेकांना चिकटलेली.

"गुरुवार. काय घेतलंत?"

त्यांनी हात वर केला आणि तो मधेच विसरून गेले.

टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी होती, तिच्यावर फोन नंबर. बाईंनी फोन लावला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं: श्वास कसा, बोलणं कसं, टेबलावर कोणती पाकिटं. शेजारची जुनी बाटलीही त्यांनी वाचून दाखवली.

"ही कुणाची?" डॉक्टरीण फोनवर म्हणाली. "मी विचारलं होतं त्यांना! तुम्ही त्यांच्या बहीण ना? म्हणाले होते, बहीण असते घरी."

शिट्टीबाईंनी स्टुलावरच्या माणसाकडे पाहिलं. केस विस्कटलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि तो आता आपल्याला फार मोठ्या अंतरावरून बघावं तसं बघत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "बहीणच बोलतेय."

"ताबडतोब घेऊन या, ती बाटलीही आणा. आणि वाटेत झोपू देऊ नका."

वॉचमनने गाडी आणली. वाटभर बाई त्यांना प्रश्न विचारत राहिल्या. मुलीचं वय काय, दात किती असतात, आठाचा पाढा म्हणा. आठाचा पाढा अठ्ठेचाळिसावर अडला. दवाखान्यात बोटाला चिमटा लावून रक्तातल्या प्राणवायूचं माप घेतलं, रक्तदाब पाहिला. दोन्ही कमी होते, पण धोक्याच्या अलीकडे. तीन तास तिथल्या खाटेवर ठेवलं. दुपारी त्यांना पुरतं भान आलं तेव्हा डॉक्टरीण पायाशी उभी होती आणि तिचा चेहरा मुलीसारखा नव्हता, हेडमास्तरणीसारखा होता.

"दोन्ही गोळ्या गुंगी आणतात. एकावर एक घेतल्या की श्वासही मंदावतो. तुम्ही मला खरं सांगितलं असतं तर मी हीच गोळी दिली नसती, निदान एवढी तरी नाही. आणि दुसऱ्याची गोळी, तीही तीन वर्षांपूर्वीची!" मग ती बाईंकडे वळली. "तुम्ही घरात असून लक्ष कसं नाही?"

"मी बहीण नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "खालच्या मजल्यावर राहते. फोनवर वाद घालायची ती वेळ नव्हती म्हणून हो म्हटलं. हे एकटेच असतात."

एकटेच असतात. हे कवळीवाल्यांनी स्वतः स्वतःशीही कधी मोठ्यांदा म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडून, आणि अशा दणदणीत आवाजात, ते एखाद्या दुखण्याचं नाव सांगावं तसं ऐकू आलं.

डॉक्टरीण खुर्ची ओढून बसली. पुन्हा सगळं विचारलं, या वेळी एकेक उत्तर लिहून घेतलं. मग म्हणाली, आज काहीच घ्यायचं नाही. उद्यापासून अर्ध्या ताकदीची गोळी, दिवसातून एक, पाच दिवस. झोपेची बाटली इथेच ठेवून जा, तिचं काय करायचं ते मी बघते. झोप येत नाही हा वेगळा विषय, त्यासाठी वेगळे या. शेक घ्या, पडून राहू नका, घरातल्या घरात चाला, उठताना आधी बसा, मग उभे राहा. "पण गोळी घेतल्यावर दोनतीन तास कुणी तरी बघायला हवं. नाहीतर मी गोळीच देत नाही, नुसत्या शेकावर काढा."

"दुपारी चालेल का?" शिट्टीबाईंनी विचारलं. "रात्री मी नऊला आडवी होते. दुपारी दोन ते पाच मला काही काम नसतं."

"चालेल. जेवणानंतर द्या."

"अहो, पण तुम्ही कशाला—" कवळीवाले म्हणाले.

"माझं छत भिजलंय," बाई म्हणाल्या. "परत भिजायला नकोय."

शुक्रवारी दोनच्या ठोक्याला त्या आल्या. हातात शब्दकोड्यांचं पुस्तक, पेन्सिल आणि पाण्याची बाटली. बसायच्या खोलीत आरामखुर्ची होती. तिच्यात त्यांना बसवलं, पाठीशी गरम पाण्याची पिशवी दिली, आणि स्वतः खिडकीपाशी लाकडी खुर्ची अशी ठेवली की त्यांची छाती आणि तोंड दोन्ही दिसावं. मग त्या बसल्या. चाळीस वर्षं बसत असतील तशाच बसल्या, पाठ ताठ, पाय जमिनीवर, बोलणं नाही.

"कोडं सोडवा ना," कवळीवाले अवघडून म्हणाले.

"तुम्ही झोपल्यावर."

"झोप आली नाही तर?"

"मग बोला."

काय बोलायचं ते सुचेपर्यंत गोळीने धरलं. ही गुंगी परवासारखी नव्हती. पाठीतली गाठ एकेक पदर सोडत होती आणि डोकं कापसात ठेवल्यासारखं जड झालं होतं. खिडकीच्या उजेडात बाईंची आकृती काळी दिसत होती. आपण झोपलेले असताना कुणी जागं आहे, असं यापूर्वी कधी झालं होतं? बायकोच्या आजारपणात ते जागायचे आणि ती झोपायची. त्याआधी दोघंही झोपायची. तिच्यानंतर तर प्रश्नच नव्हता. लहानपणी ताप आला असेल तेव्हा आई बसली असेल. एवढं आठवेतो डोळे मिटले.

पाचला त्यांना जाग आली तेव्हा बाई चपला घालत होत्या. "एकदा घोरलात, दोनदा हसलात," त्यांनी हिशोब दिला आणि गेल्या.

शनिवारी बोलणं झालं. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं काठावर बसून कंटाळा नाही आला?

"कसला कंटाळा? लोक पाण्यात उतरतात, मी बघते. बघणं हेच काम. बुडणारा माणूस ओरडत नाही, तुम्हाला माहितीये? सिनेमात ओरडतो. खरा बुडणारा गप्प असतो. ओरडायला श्वासच नसतो त्याच्याकडे. म्हणून मी दंगा करणाऱ्या पोरांकडे बघायचेच नाही. जे गप्प झाले त्यांच्याकडे बघायचे."

"आणि शिकवलेल्यांतलं कुणी येतं का भेटायला?"

बाईंनी पेन्सिलीने कानामागे खाजवलं. "नाही हो. पोहायला यायला लागलं की संपलं. पोर येईनासं झालं म्हणजे समजायचं, आलं त्याला. आमचं काम झाल्याची खूणच ती."

"माझंही तसंच," कवळीवाले म्हणाले. "कवळी परत आली नाही म्हणजे चांगली बसली."

यावर दोघंही जरा हसले. गुंगीत त्यांना वाटलं, हे वाक्य आपण फार मोठं बोललो. संध्याकाळी आठवून पाहिलं तर तेवढं मोठं वाटलं नाही, पण ते बरेचदा आठवून पाहिलं.

रविवारी तीन वाजता मुलीचा फोन आला. गोळी घेऊन पाऊण तास झाला होता. त्यांनी घसा साफ केला, ताठ बसले. हो, सगळं ठीक. काम जोरात. पाठ? पाठीला काय झालंय? नाही, आवाज असा नाही, आत्ताच उठलो. तू जेवणखाण नीट करतेस ना? चार मिनिटांत फोन संपला.

"तिला का नाही सांगितलंत?" शिट्टीबाई म्हणाल्या.

"ती तिकडून काय करणार? नुसती काळजी."

"काळजी करेल. तेवढं तरी करू द्या की."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. बाईंनी कोड्यात डोकं घातलं. पण थोड्या वेळाने, वर न बघताच, त्या म्हणाल्या, "माझा मुलगा याच शहरात आहे. तो पण मला सांगत नाही काही." आणि लगेच, "चार अक्षरी शब्द सांगा, 'विसावा न घेणारा'." त्यांना 'अविश्रांत' सुचला. बसला तो.

सोमवारी सकाळी कवळीवाल्यांनी गाढवपणा केला. उठले तेव्हा पाठ निम्म्याहून सैल होती, डोकं स्वच्छ वाटत होतं, आणि नवाला दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी, नुसती घासायची बाकी, आज मिळेल का? छत्तीस वर्षांत त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. कालच्या गोळीला अठरा तास होऊन गेले, आता काय उरलंय, असं म्हणून ते मागच्या खोलीत गेले आणि मोटर चालू केली.

कापडी चाक घूं करत फिरायला लागलं. त्यांनी कवळी त्याला लावली. हात नेहमीचेच होते, पण नेहमीच्या जागेपेक्षा केसभर मागे होते. डोळ्यांनी पाहायचं, मग हाताने ऐकायचं, या दोहोंत एक फट पडली होती. त्या फटीत चाकाने कवळी हिसकावली. ती त्यांच्या कानाजवळून गेली, भिंतीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. बोटाचं सालटं निघालं. कवळीऐवजी बोट सापडलं असतं तर?

त्यांनी मोटर बंद केली. ते स्टुलावर बसले आणि दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. "कवळी माझ्या हातून तुटली. माझी चूक. आणि मी गुरुवारपर्यंत काम करू शकत नाही. औषध चालू आहे, मशीनवर बसायचं नाही."

एवढं बोलायला त्यांनी सगळा धीर गोळा केला होता. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "बरं बरं. काही हरकत नाही, या आठवड्याचं काम मी दुसरीकडे देतो. विश्रांती घ्या तुम्ही." आणि फोन ठेवला. रागावलेसुद्धा नाहीत.

इतकं सोपं होतं? छत्तीस वर्षं आपण तापातसुद्धा घासत बसलो, आणि दुसरीकडे देणं इतकं सोपं होतं? कवळीवाले त्या तुकड्यांकडे बघत बराच वेळ बसून राहिले. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

ओरडल्या शिट्टीबाई. बोटाची पट्टी त्यांना दारातूनच दिसली. "मोटर?" त्यांनी विचारलं. कवळीवाल्यांनी मान खाली घातली. मग दोन मजल्यांना ऐकू जाईल असं त्या बोलल्या: डॉक्टरीण काय बोलली होती, कान कुठे होते, हौस असेल तर बोटंही नवी बनवा म्हणावं मेणाची. कवळीवाले ऐकत राहिले. त्यांना आतून कुठेतरी ऊब येत होती, आणि याची लाजही वाटत होती.

मंगळवारी शेवटची गोळी. ती त्यांनी पाण्याबरोबर घेतली आणि रिकामं पाकीट हातात फिरवत बसले. उसण जवळजवळ गेलीच होती; वळताना एक बारीक आठवण तेवढी यायची. त्या दुपारी झोपायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. काहीतरी विचारायचं होतं, बाईंचा मुलगा काय करतो, त्या तलावावर अजून जातात का, असलं काही. पण गोळी ती गोळी. सव्वातीनला मान कलली. पाचला उठवून बाई म्हणाल्या, "चला. झाली तुमची पाच."

"झाली," ते म्हणाले. "फार उपकार झाले."

"उद्या दाखवून या डॉक्टरला. आणि त्या नळाचं वॉशर बदला." आणि त्या जिना उतरून गेल्या. सावकाश उतरणारी त्यांची पावलं एकवीस पायऱ्या ऐकू आली, मग दार.

बुधवारी दवाखान्यात डॉक्टरणीने पाठीवर अंगठा दाबला. "इथे दुखतं?"

बोलायचं ते अगदी जिभेच्या टोकावर होतं. थोडं. अजून थोडं दुखतं. एवढंच म्हणायचं होतं. मग ती म्हणाली असती, आणखी पाच दिवस घ्या. मग दोनच्या ठोक्याला दार वाजलं असतं. त्यांनी तो विचार शेवटपर्यंत करून पाहिला. करताना त्यांना न्हाणीघरातला गार पाण्यातला पाय आठवला नाही, मोटरही आठवली नाही. आठवलं ते एवढंच, की गेल्या बुधवारी याच खोलीत आपण दोनदा खोटं बोललो, आणि ही पोर दोन्ही वेळा विश्वास ठेवून बसली.

"नाही," ते म्हणाले. "आता नाही दुखत."

"छान. मग गोळी बंद. ती लांबवायची नसतेच. आखडलं तर शेक घ्या, व्यायामाचा कागद देते. परत भरली तर जुनं पाकीट शोधू नका, इथे या." कागद देताना ती जरा थांबली. "आणि झोपेचं, काका? येताय ना त्यासाठी?"

"येतो," ते म्हणाले, आणि पुढच्या सोमवारची वेळ खरोखरच लिहून घेतली.

घरी येऊन ते जेवले. दोन वाजले. आरामखुर्ची तशीच होती, खिडकीपाशी लाकडी खुर्ची तशीच. गोळी नव्हती, गुंगी नव्हती, डोकं इतकं लख्ख होतं की घड्याळाचा काटा दिसण्याऐवजी ऐकूच येत होता. सव्वादोन. त्यांनी लाकडी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, मग परत आणली. पावणेतीनला त्यांनी शर्ट बदलला आणि एकवीस पायऱ्या उतरून खालच्या दारावर टकटक केली.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग आतून पावलं, कडी, आणि दार हातभर उघडलं. शिट्टीबाई झोपेतून उठल्या होत्या. केस मोकळे, अंगात जुना गाऊन. त्यांना पाहताच त्यांनी झटकन तळहात तोंडावर धरला. पण तेवढ्यात कवळीवाल्यांनी पाहायचं ते पाहिलं होतं: गाल आत गेलेले, ओठ मिटून आत वळलेले. तोंडात एकही दात नव्हता.

"काय झालं?" हाताआडून त्या म्हणाल्या. आवाजच वेगळा होता, मऊ, ओला, खोलीत मावणारा. "पाठ?"

"नाही. पाठ बरी आहे. काही झालं नाही. असाच आलो होतो."

"असेच?"

"हो."

त्या गोंधळल्या. चाळीस वर्षांत कुणी असंच आलं नसावं. हात तोंडावरून हलला नाही. "आत्ता नको," त्या म्हणाल्या. "मी अशी... उद्या मुलाकडे जायचंय, त्याने बोलावलंय कधी नव्हे ते. परवा या. चार वाजता. दात घालून बसते."

"येतो," कवळीवाले म्हणाले.

दार लागलं. ते जिन्यात उभे राहिले. छत्तीस वर्षं ज्यांनी आधी तोंड पाहिलं आणि मग माणूस, त्यांना समोर पाच दुपारी बसलेल्या बाईंचे दात खोटे आहेत हे कळलं नव्हतं. गुंगी होती, उजेड मागून येत होता, हे खरं. पण त्याहून खरं असं होतं, की पाच दिवस बाई त्यांना बघत होत्या, श्वास मोजत होत्या, आणि त्यांनी मात्र बाईंकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. नुसतं बघू दिलं होतं स्वतःकडे.

कठडा धरून ते वर आले. घरात शिरून दार लावलं. परवा म्हणजे शुक्रवार. मधे एक अख्खा गुरुवार होता.